तळापर्यंत जाऊन परत

फैजपूरला बसस्टँडमागे माझं दुकान:
प्रबंध टंकलेखन, बांधणी, सोनेरी अक्षरं.
लाटेक शिकले एका हिवाळ्यात, हट्टानं,
कारण वर्डमधली समीकरणं
पान हललं की घडासारखी लोंबायची.

रमजान तडवी आला तेव्हा एप्रिल होता,
बाहेरच्या डांबरात चपला रुतत होत्या.
त्याच्या पिशवीत वह्या, वह्यांत सहा विहिरी,
यावलपासून सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत ओळीनं,
जानेवारी ते डिसेंबर,
तळापासून पाण्याची उंची, हात आणि वीत.
"सर म्हणता, तीन मितींत दाखव.
अन् रेघेखाले रंग पाह्यजे, ताई.
नुसती रेघ पानी वाटत नही."

एक अक्ष महिन्यांचा, एक विहिरींचा,
तिसरा वर जाणारा.
रेघा लगेच आल्या, एकीमागे एक,
मेमध्ये सगळ्यांनी कंबर वाकवलेली.
मग मी म्हटलं, भर.

लाटेकनं भरलं.
डिसेंबरच्या टोकावरून जानेवारीच्या टोकाला
त्यानं सरळ दोरी ताणली
आणि दोरी नि रेघ यांच्यामधली झोळी
निळी करून दिली.
उन्हाळ्यात जिथे पाणी नव्हतं
नेमकं तिथेच निळं.

रमजान बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिला.
"ताई, हे तं नसलेलं पानी रंगवलं तुम्ही."

सपाट आलेखात एक शब्द पुरतो,
तो रेघेला अक्षापर्यंत उतरवून मिटवतो.
इथे खाली म्हणजे कुठे
हे वक्राला ठाऊकच नसतं.
बोट धरून न्यावं लागतं त्याला:
डिसेंबरमधून सरळ तळाला उतर, उंची शून्य,
तळातळानं चालत जानेवारीच्या पायाशी ये,
मग मीट.
सहा विहिरी, सहा वेळा.

त्यात पुढचीनं मागचीला झाकलं.
मागची आधी रंगवायची, पुढची शेवटी,
आणि रंग अर्धा पारदर्शक,
एवढं उलटं लावेस्तोवर लाईट गेली.
इन्व्हर्टरवर फक्त मॉनिटर आणि तो.

सगळ्यात मागची विहीर त्याच्या बहिणीनं मोजलेली,
जैनबनं, गाठी मारलेल्या दोराला दगड बांधून.
तिच्या वहीत मे कोरा.
"शून्य घालू?" मी विचारलं.
"नको. शून्य म्हंजे गेली, वाकली, तळ पाह्यला.
ती गेलीच नही.
पोरगं रावेरले दवाखान्यात होतं."

म्हणून रेघ तुटली एप्रिलवर,
जूनवर पुन्हा धरली.
दोन तुकडे, दोघांना वेगवेगळं तळाला नेऊन आणलं.
कोडमध्ये फक्त चार ओळी वाढल्या,
माझे मात्र दोन तास गेले,
आणि पैसे मी एकाच आकृतीचे लावले.

छापून आली तेव्हा
मागच्या निळ्यात एक पांढरी फट होती,
तिच्यातून पलीकडच्या भिंतीच्या
चौकटीच्या बारीक रेषा दिसत होत्या.
खाली मी टाकलं: मे महिन्याची नोंद नाही.

त्यानं तिथूनच फोन लावला,
फट सांगितली, ओळ वाचून दाखवली.
पलीकडून बकरीचा आवाज, मग तिचा:
"अन् बाकीच्याले रंग कोनता देला?"
"निळा."
"निळं कधी असतं रे आपल्या हिरीतलं पानी?"

त्यानं फोन कानापासून दूर धरून माझ्याकडे पाहिलं.
मी फाईल पुन्हा उघडली.
निळ्यात हिरवा ढकलला, मग चिमूटभर काळा,
विचारलं, "शेवाळ किती असतं?"
तो हातानं दाखवू लागला.